बाबांना तिसऱ्या स्टेशनावर उतरायचं होतं

भंडारा, २४ जुलै २०२५

प्रिय अनुप,
सप्रेम जय भीम.

फोनवर सांगतलं असतं, पण बाबा बाजूलेच बसून राहतेत अन् कोणाचाही फोन आला की ‘आवाज बाहेर काढ’ म्हणतेत. म्हणून बाबाबद्दल जे काही असेल ते आता मेलवरच लिहू. तू पण तसंच कर.

बाबाचा व्हिसा आला. मंगळवारी, २९ तारखेले, नागपूरहून मुंबई अन् मुंबईहून पॅरिस. नागपूरचे एक डॉक्टर अन् त्यायची बायको त्याच विमानानं पोरीकडं जाऊन राहिले, त्यायच्या हाती बाबाले सोपवतो. तू मात्र विमानतळाच्या दारातच उभा राह्य. पाच मिनिटंही मागंपुढं नको.

औषधाची पिशवी काळ्या बॅगेत वरच आहे. निळ्या डबीतली गोळी सकाळी. पांढरी बारीक गोळी जेवणानंतर, ती चुकवू नको. बीपीचीच आहे, नाव लांबलचक आहे म्हणून कोणाले दाखवत बसू नको. खुशबूनं सगळ्या शर्टाच्या खिशात तुझा पत्ता अन् फोन नंबर लिहिलेली चिंधी शिवून देली आहे. विमानात सामान इकडचं तिकडं होते म्हणतेत, म्हणून.

त्यायले एकटं सोडू नको. तिकडं गाड्या उजवीकडून चालतेत अन् त्यायनं तेहतीस वर्षं भंडारा-पवनी-कोंढा एस.टी. डाव्या बाजूनं चालवली. रस्ता ओलांडताना गफलत होऊ शकते.

नव्वद दिवसाचा व्हिसा आहे. पूर्ण नव्वद दिवस ठेव. आई गेल्यापासून सहा वर्षं मी ठेवलं, तू एकदाही ‘इकडं पाठव’ म्हटलं नव्हतं. आता तूच बोलावलं, तर मन भरून फिरव. इथली घाई काहीच नाही.

तुझा,
जीवन


सेंत-ओदील, ५ ऑगस्ट २०२५

प्रिय जीवन,
जय भीम.

बाबा पोचले. ल्योंला माझ्या फ्लॅटवर चार दिवस काढले. ऑगस्टमध्ये ऑफिस बंदच असतं, म्हणून तीन आठवडे सुटी घेतली, भाड्याची गाडी घेतली, मागच्या कॅरिअरवर दोन सायकली चढवल्या आणि त्यांना घेऊन डोंगराकडच्या खेड्यांत आलो. सेंत-ओदील हे गाव कोंढ्यापेक्षाही लहान आहे. एक चर्च, एक बेकरी, ती दुपारी बाराला बंद. स्टेशन आहे पण स्टेशनात माणूस नाही, तिकिटाचं मशीन आहे. दिवसातून दोनदा एका डब्याची डिझेलगाडी येते. आम्ही ओदेत नावाच्या बाईंच्या घरी दोन खोल्या घेतल्या आहेत. साठीची बाई, मेंढ्या पाळते, सायकलवरून फिरते.

निसर्ग वगैरे छान आहे. बाबा मात्र तेच आहेत.

गाडीत बसल्या क्षणापासून सुरू. ‘गिअर उशिरा टाकलास.’ ‘वळणावर हॉर्न काहून नाही देत?’ इथं हॉर्न देणं म्हणजे शिवी देणं, हे वीस वेळा सांगितलं. लहान रस्त्यावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा इथला नियम आहे. मी थांबलो की म्हणतात, ‘भेलास का त्या ट्रॅक्टरले?’ आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला नावानं हाक मारत नाहीत. ‘कंडक्टर’ म्हणतात. ‘कंडक्टर, घंटी दे.’ ‘कंडक्टर, पवनी किती वेळात?’ तुला आठवत असेल, बारावीत मार्क कमी पडले तेव्हा अख्ख्या आळीसमोर म्हणाले होते, तुझ्याच्यानं कंडक्टरकीही होणार नाही. त्रेचाळीस वर्षांचा झालो, माझ्या हाताखाली अठरा माणसं काम करतात, आणि हे अजून तिथंच अडकलेत.

एक दिवस मात्र चांगला गेला. जुन्या बंद रेल्वेमार्गावरचे रूळ काढून सायकलींसाठी रस्ता केलाय, दोन्ही बाजूंनी झाडं, मोटार नाही, माणूस नाही. बाबांना सायकलवर बसवलं. काय चालवतात रे! पाठ ताठ, पाय एका लयीत. गाई दिसल्या की घंटी वाजवत होते आणि मोठ्यानं हसत होते. आईच्या मागं पहिल्यांदाच त्यांना असं हसताना पाहिलं. मग बोगद्यानंतर थांबायचं ठरलं होतं, तर थांबलेच नाहीत. मी ओरडतोय आणि ते पुढं. सहा किलोमीटर मागं धावलो. गाठलं तेव्हा म्हणतात, ‘पवनी आली का?’ मला दमवून वर ही थट्टा.

एक विचारायचं होतं. रोज सकाळी विचारतात, गाडी कोणाची? रोज सांगतो, भाड्याची. रोज मान हलवतात. मुद्दाम करतात ना हे?

अनुप


भंडारा, ७ ऑगस्ट २०२५

प्रिय अनुप,
सप्रेम जय भीम.

तुझा मेल वाचून मी अन् खुशबू खूप हसलो. तू आता ‘मला-तुला’ लिहितेस, एकदम पुस्तकासारखं.

बाबाचा स्वभाव तुले काय नवीन आहे? तुले चिडवून राहिले, दुसरं काही नाही. तू चिडतेस, म्हणून ते आणखी चिडवतेत. मनावर घेऊ नको. गाडीचं विचारतेत तर सांगत जा, त्यात काय लागते? वय झालं की माणूस एकच गोष्ट चार वेळा विचारते.

इकडं सगळं मजेत. मी अन् खुशबू शनिवार-रविवार दोघंही कोंढ्याले जाऊन आलो. तिच्या भावाकडं धानाची रोवणी चालू होती. दोघं मिळून घराबाहेर पडलो तर मले कुलूप लावताना कसंतरीच वाटलं, बाहेरून लावून राहिलो अन् आत कोणीच नाही. बांधावर बसून भाकर खाल्ली. तुझी वहिनी दोन दिवस नुसती झोपली. तिच्या भावानं विचारलं, बिमार आहेस का?

तू पंधरा दिवसानं ल्योंले परत जाशील, तेव्हा सुटी वाढवता आली तर पाह्य. बाबाले हवा मानवली दिसते.

पांढरी गोळी चालू आहे ना?

तुझा,
जीवन


सेंत-ओदील, १२ ऑगस्ट २०२५

जीवन,

आज सकाळी बाबांनी माझ्या थोबाडीत मारली.

मोठ्या चौकात, म्हणजे इथं जे गोल चक्कर असतं त्यात शिरत होतो. मी बरोबर उजवीकडून वळत होतो. बाबा ओरडले, ‘उलटा चालला बे!’ आणि स्टिअरिंग धरून डावीकडं ओढलं. गाडी गवतात चढली, पाटीचा खांब वाकला, पुढचा दिवा फुटला. समोरून एक ट्रॅक्टरवाला होता, तो वेळेवर थांबला म्हणून वाचलो. तो उतरून विचारतोय, लागलं का. तर बाबा खाली उतरले, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि मारली. मग त्या माणसाला हिंदीत सांगतात, ‘ये कंडक्टर है, इसको गाडी मत देना.’ ओदेतबाई बाजारातून येत होत्या, त्यांनी पाहिलं. सायकल टाकून त्या बाबांकडं धावल्या, माझ्याकडं नाही.

जेवताना विचारलं, बाबा, का मारलं? म्हणे, ‘कोणाले मारलं?’ आणि मजेत भात कालवत बसले.

आता ऐक. उद्या मी त्यांना एकट्यानं आगगाडीत बसवणार आहे. सकाळी दहा चाळीसची गाडी. तिसरं स्टेशन माँब्रेन. बेचाळीस मिनिटं लागतात. तीन बोटं दाखवून सांगणार, तिसऱ्या स्टेशनावर उतरा, मी मोटारीनं तिथं येतो. त्यांना भाषा येत नाही, कोणावर ओरडता येणार नाही, कोणाला कंडक्टर म्हणता येणार नाही. आयुष्यभर लोकांना गाडीत चढवलं-उतरवलं, एकदा स्वतः पॅसेंजर होऊन पाहू दे. आणि मी पोचेन जरा उशिरा. स्टेशनात माणूस नाही, बाक आहे. तास-दोन तास त्या बाकावर बसले की कळेल, आपण कोणावर अवलंबून आहोत ते. त्यांचा फोन मी माझ्याजवळच ठेवणार, नाहीतर दर मिनिटाला वाजवतील.

तू सहा वर्षं त्यांच्यासोबत आहेस, तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत. काही हरकत असेल तर आजच्या आज कळव. इथं दुपारचा एक वाजलाय, म्हणजे तुझ्याकडं साडेचार.

अनुप


माँब्रेन, १४ ऑगस्ट २०२५

जीवन, फोन उचल. कालपासून अकरा वेळा केला.

बाबा तिसऱ्या स्टेशनावर उतरले नाहीत.

मी त्यांना दहा चाळीसला गाडीत बसवलं. खिडकीतून मी तीन बोटं दाखवली, त्यांनीही तीन बोटं दाखवली. गाडी अकरा बावीसला माँब्रेनला पोचली असणार. मी मोटारीनं अकरालाच तिथं पोचू शकत होतो. मुद्दाम गेलो नाही. कालव्याच्या कडेनं सायकल फिरवत राहिलो. एक कॉफी प्यायलो, मग आणखी एक. दीड वाजता स्टेशनात पोचलो तर बाक रिकामं.

वाटलं, इकडंतिकडं फिरत असतील. मग शेवटच्या स्टेशनापर्यंत मोटारीनं गेलो, प्रत्येक ठिकाणी उतरून पाहिलं. तिकीट तपासणारा सापडला. म्हणाला, हो, एक म्हातारा गृहस्थ ड्रायव्हरच्या केबिनच्या दाराशी उभे होते, फार खुशीत होते, पाचव्या स्टेशनावर बाहेर एक बस उभी होती ती पाहून उतरले. त्या बसच्या चालकानं त्यांना आत घेतलं नाही. पुढं कोणी पाहिलं नाही.

पोलिसांनी विचारलं, अंगात काय कपडे? मी नुकताच घेऊन दिलेला पिवळा टी-शर्ट. खुशबूवहिनींनी चिंधी शिवलेले सगळे शर्ट ओदेतबाईंकडं दोरीवर वाळत होते. त्यांनी विचारलं, काही आजार? मी म्हटलं, बीपी. त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा बीपीच म्हटलं.

इथं पस्तीस डिग्री ऊन आहे. काही सांगायचं असेल तर आता सांग.

अनुप


भंडारा, १४ ऑगस्ट २०२५

अनुप,

शाळेत उद्याच्या झेंड्याची तयारी होती, लाखनीहून आताच आलो. तुझा १२ तारखेचा मेल आत्ता पाह्यला. पाहून पायाखालची जमीन सरकली.

तुले मी लिहून देलं होतं, एकटं सोडू नको. साफ शब्दात लिहिलं होतं. तरी तू आपल्या बापाले परक्या मुलखात गाडीत बसवून सायकल खेळत बसला? फोन पण काढून घेतला? तुले काळीज आहे का नाही? आई असती तर तुझं तोंड पाह्यलं नसतं.

एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. पोलिसाले सांग. बाबाचा दिमाग दोन वर्षांपासून काम करत नाही. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरले दाखवलं, डोक्याचा फोटो काढला. त्यायनं सांगतलं, हे वाढतच जाणार. पांढरी गोळी त्याचीच आहे. लोकाइची नावं विसरतेत, जागा विसरतेत. मागल्या वर्षी दोनदा भंडाऱ्याच्या स्टँडवर जाऊन पवनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. एकदा तर पायीच साकोलीच्या रस्त्यानं निघाले, लाखनीजवळ ट्रकवाल्यानं थांबवलं. कंडक्टर तुलेच नाही, मले पण म्हणतेत, डाकवाल्याले पण म्हणतेत.

तुले आधी सांगतलं असतं तर तू बोलावलं असतं का?

शोध त्यायले. कसंही करून शोध.

जीवन


माँब्रेनचं सरकारी हॉस्पिटल, १८ ऑगस्ट २०२५

जीवन,

बाबा सापडले, हे वहिनींनी तुला सांगितलंच असेल. बाकीचं मी लिहितो.

परवा सकाळी सापडले, तीन दिवसांनी. मी सायकलींच्या ज्या रस्त्याबद्दल लिहिलं होतं, त्याच रस्त्यानं ते पाचव्या स्टेशनापासून उलटे चालत आले होते. सतरा किलोमीटर; गाडी डोंगराला वळसा घालून जाते, हा जुना रस्ता सरळ येतो. सेंत-ओदीलच्या अलीकडं ओदेतबाईंचं मेंढ्यांचं छप्पर आहे. बाई सायकलवरून गेल्या तर बाबा मेंढ्यांच्या हौदाला टेकून बसलेले. त्यातलंच पाणी प्यायले होते. एका पायात बूट नव्हता. तो पाय कसा झालाय ते लिहीत नाही. मांडीचं हाड मोडलंय. कुठं पडले, कधी पडले, मोडलेल्या पायानं किती सरपटले, कोणालाच माहीत नाही. पोलीस रस्त्यांवर शोधत होते, मी रेल्वेच्या रुळांवर. त्या रस्त्याचं मला सुचलंच नाही.

मी खोलीत शिरलो तेव्हा नर्स त्यांचा हात पुसत होती. बाबांनी मला पाहिलं. नर्सची बाही धरून ओरडले, ‘या माणसाले बाहेर काढा. यानं मले फसवून गाडीत टाकलं. यानं मले सोडून देलं.’ त्यांना दुसरं काही आठवत नाही. स्वतःचं गाव सांगता येत नाही. हे तेवढं आठवतं.

नर्सनं मला विचारलं, काय म्हणताहेत?

तिथं मराठी कळणारा मी एकटाच. मी म्हटलं, पाणी मागताहेत.

तिनं पेला तोंडाला लावला. बाबांनी तोंड फिरवलं, ती पुन्हा लावायची. ते ओरडत होते, बाहेर काढा, बाहेर काढा, आणि ती बिचारी मायेनं पाणी पाजत होती. पाणी गळ्यावरून खाली वाहिलं. मी उभा राहून पाहत होतो.

ओदेतबाई आल्या, तेव्हा शांत झाले. त्यांच्या हातून सूप प्यायले. बाईंनी जाताना मला दाराबाहेर थांबवून विचारलं, तुम्ही त्या दिवशी कालव्यावर होतात ना? माझ्या बहिणीच्या दुकानात दोनदा कॉफी घेतलीत. त्यांच्या घरातलं आमचं सामान दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या दाराशी आणून ठेवलेलं होतं, बाबांचे शर्ट घडी करून, माझे तसेच कोंबून.

आता तुझ्याबद्दल. काल वहिनींचा फोन आला. रडत होत्या. म्हणाल्या, ‘भाऊजी, मी त्याच दिवशी यांना सांगतलं होतं, फोन करा म्हणून.’ मी विचारलं, कोणत्या दिवशी? तर त्यांनी फोन ठेवून दिला.

तू लिहिलंस, मेल १४ तारखेला पाहिला. खरं सांग, जीवन.

अनुप


भंडारा, २० ऑगस्ट २०२५

अनुप,

१२ तारखेलेच वाचला. पाच वाजायचे होते. मी शाळेतून लवकर आलो होतो, खुशबू पण घरीच होती, चहा मांडून राहिली होती. तिले मोठ्यानं वाचून दाखवला.

ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता भाऊजीले फोन लावा. मी मोबाईल हातात घेतला होता. तुझा नंबर काढला होता. मग ठेवून देला.

काहून ठेवला, ते पण सांगतो. तू लिहिलं होतं ना, कळेल आपण कोणावर अवलंबून आहोत ते. मले वाटलं, तुले पण कळू दे. दोन वर्षं आमी काय भोगून राहिलो, ते तुले एका दिवसात कळेल. तास-दोन तास शोधशील, घामाघूम होशील, मग रडत फोन करशील. मी खुशबूले म्हटलं, ‘राहू दे. एक दिवस त्याले पाहू दे.’ ती म्हणाली, ‘अन् बाबाचं काय?’ मी म्हटलं, बाबा सापडतेतच. इथं दर वेळी सापडले होते ना. मग १३ तारखेपासून तुझे फोन वाजत राहिले, तेव्हा उचलायची हिंमत झाली नाही.

अनुप, तुले माहीत आहे आमी कसे राहत होतो? सकाळी दहाले बाबाले आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचो. मी शाळेत, खुशबू पतसंस्थेत. संध्याकाळी साडेपाचले दार उघडायचो तर दाराच्या आतल्या बाजूनं नखाच्या रेघा. एक दिवस त्यायनं खुशबूले चोर समजून वरवंटा फेकून मारला, तिच्या खांद्यावर अजून खूण आहे. तू दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं बोलायचा, तेव्हा बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत होते, कारण मी त्यायले तासभर धरून बसवत होतो. तू म्हणायचा, ‘बाबा एकदम फिट!’ मले तेव्हा तुझा जीव घ्यावासा वाटे.

म्हणून पाठवलं. लपवून पाठवलं. नव्वद दिवस झोपायचं होतं.

तू त्यायले दोन तासासाठी सोडलं. मी माहीत असून सोडलं. आता तूच ठरव काय ते.

जीवन


ल्यों, ९ सप्टेंबर २०२५

जीवन,

ठरवायचं काही राहिलं नाही.

ऑपरेशन झालं, पायात सळई घातली. चालतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी खोलीत गेलो की रक्तदाब इतका वाढतो की नर्सेसनी मला काचेबाहेरच थांबायला सांगितलं. तीन आठवडे मी बापाला काचेतून पाहिलं.

त्यांच्यासोबत विमानात मी बसू शकत नाही, म्हणून इथली एक केरळची नर्स सुटीवर जातेय, ती त्यांना मुंबईपर्यंत आणेल. तू पुढच्या शुक्रवारी मुंबईला ये. वेळ आणि विमानाचा नंबर खाली दिलाय.

पोलिसांच्या कागदावर मी लिहिलं, मी अकरा वाजून दहा मिनिटांनी स्टेशनात हजर होतो आणि वडील उतरले नाहीत. सही केली. कॉफीचं ओदेतबाईंना माहीत आहे, पण त्यांना कोणी विचारलं नाही. तूही तुझ्याकडं लोकांना हेच सांग. कोंढ्याला, लाखनीला, सगळीकडं. म्हाताऱ्याला देश दाखवायला नेलं होतं, तिथं पाय घसरून पडले. तुझ्याही सोयीचं आहे ते.

यापुढं मला लिहू नकोस.

अनुप


भंडारा, २ नोव्हेंबर २०२५

अनुप,

तू लिहू नको म्हटलं होतं. एवढं लिहितो, पुढं लिहिणार नाही.

बाबा घरी आहेत. खुशबूनं काम सोडलं. ती माझ्याशी बोलत नाही, बाबाशी बोलते. लोकाइले तू सांगतलं तेच सांगतलं. सगळे येऊन पाहून गेले. अंकुशकाका म्हणाले, नशीब काढलं आनंदरावनं, एस.टी.चा ड्रायव्हर अन् पोरानं फ्रान्स फिरवला.

मुंबईच्या विमानतळावर त्या नर्सनं चाकाची खुर्ची माझ्यापुढं आणली. बाबानं माझ्याकडं पाह्यलं अन् डोळे गच्च मिटून घेतले. मले वाटलं, थकले असतील. घरी आल्यावर मी ताट घेऊन गेलो तर भिंतीकडं सरकले. खुशबूले हळूच म्हणतेत, ‘अनुप आला. याच्या हातचं मी नाही खात.’

मी म्हटलं, ‘बाबा, मी जीवन. पाहा ना माझ्याकडं.’

‘खोटं बोलतेस तू. जीवन लाखनीले शाळेत गेला.’

पंधरा दिवस मी रोज सांगून पाह्यलं. फोटो दाखवले. शाळेचं ओळखपत्र दाखवलं. ते फोटोतल्या मले जीवन म्हणतेत, समोरच्या मले अनुप. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका. तर आता सांगत नाही. खुशबू जेवू घालते, मी दाराआड उभा राहतो. चादर बदलायची असली, कूस वळवायची असली, की मलेच उचलावं लागते, तिच्याच्यानं होत नाही. तेव्हा ते अंग आखडून घेतेत. लहान पोरगं मास्तरच्या छडीपुढं हात आखडते, तसं.

रोज साडेपाच वाजले की म्हणतेत, खाट दाराशी ओढा, जीवनची गाडी आली असेल. मी लाखनीहून येतो, चपला काढतो, त्यायच्या समोरून आत जातो. ते माझ्यामागचा रस्ता पाहत राहतेत.

काल मले जवळ बोलावलं. पहिल्यांदाच. भेत भेत माझा हात धरला. म्हणाले, ‘अनुप, तुले बोल लावत नाही. तुले माहीत नव्हतं मी विसरतो म्हणून. जीवनले सगळं माहीत आहे. तुझा बेत त्याले माहीत असता ना, तर त्यानं त्याच घडीले तुले फोन करून सांगतलं असतं. त्यानं मले गाडीत चढूच देलं नसतं.’

उत्तरासाठी थांबले होते. हात सोडत नव्हते.

मी म्हटलं, ‘हो बाबा. सांगतलं असतं त्यानं.’

जीवन